सूर्यावर पडणं इतकं अवघड का? सरळ जाणाऱ्या कणाचा कोनीय संवेग

२४ डिसेंबर २०२४ या दिवशी पार्कर सोलर प्रोब हे यान सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. माणसानं बनवलेली कोणतीही वस्तू त्याआधी सूर्याच्या इतक्या जवळ गेली नव्हती. त्या वेळी यानाचा वेग सेकंदाला १९२ किलोमीटरच्या आसपास होता. बातमी वाचली की एक प्रश्न मनात येतो, आणि तो अगदी रास्त आहे. हे यान निघालं ऑगस्ट २०१८मध्ये. सूर्य तर सगळ्यांनाच आपल्याकडे ओढत असतो. मग तिथवर जायला सहा वर्षं का लागावीत, आणि त्यासाठी शुक्राजवळून सात वेळा कशाला जावं? पृथ्वीपासून सुटं केलं की यानानं आपसूक सूर्याकडे पडायला हवं.

ते पडत नाही, कारण त्याच्याजवळ कोनीय संवेग असतो.

हा शब्द ऐकला की भोवरा, पंखा, चाक असं काहीतरी गरगरणारं डोळ्यांपुढे येतं. पुस्तकातही ओळख तशीच होते: बर्फावर गिरकी घेणारी खेळाडू हात अंगाजवळ घेते आणि गिरकी वाढते. उदाहरण सुंदर आहे, पण त्यामुळे कोनीय संवेग म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंचं काहीतरी, असा समज घट्ट बसतो. मग पुढच्या वर्गात एक वाक्य समोर येतं, ‘सरळ रेषेत जाणाऱ्या कणालाही कोनीय संवेग असतो’, आणि तिथे बहुतेकांचं घोडं अडतं. जो फिरतच नाही त्याच्यात फिरणं आलं कुठून? माझंही घोडं तिथे बराच काळ अडलं होतं. सूत्र पाठ होतं, गणितं सुटत होती, पण मनाला पटत नव्हतं. म्हणून इथे गिरकी बाजूला ठेवतो आणि सरळ जाणाऱ्या कणापासूनच सुरुवात करतो.

## आधी मान वळवून बघा

एका सरळ रस्त्यापासून १० मीटर आत तुम्ही उभे आहात. डावीकडून एक गाडी येतेय, सेकंदाला २० मीटर वेगानं, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. तुम्ही तिच्यावरून नजर हटवत नाही. गाडी लांब आहे तोवर मान जवळजवळ स्थिर असते. ती जवळ येते तशी मान वळू लागते, गाडी अगदी समोर आली की झर्रकन फिरते, आणि ती उजवीकडे लांब गेली की पुन्हा संथ होते. गाडी एकदाही वळली नाही. तुमची मान मात्र जवळपास अर्धं वर्तुळ फिरली.

आता आकडे बघू. गाडी तुमच्यापासून १०० मीटरवर असताना मान सेकंदाला जेमतेम १.१५ अंश वळते. गाडी समोर, १० मीटरवर आली की हाच वेग सेकंदाला ११५ अंशांपर्यंत जातो. अंतर दहापट कमी झालं आणि वळण्याचा वेग शंभरपट वाढला. म्हणजे अंतराचा वर्ग आणि मान वळण्याचा वेग यांचा गुणाकार केला, तर दोन्ही ठिकाणी उत्तर तेच येतं. मधल्या कुठल्याही क्षणी करा, तरी तेच.

मला याचं आजही नवल वाटतं. गाडीचं अंतर बदलतंय, तिची दिशा तुमच्या नजरेत बदलतेय, मानेचा वेग शंभरपटीनं वरखाली होतोय, आणि या सगळ्या धावपळीत एक आकडा जागचा हलत नाही. कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजला (१ रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश) आणि त्या आकड्याला गाडीच्या वस्तुमानानं गुणलं की गाडीचा कोनीय संवेग मिळतो. तुमच्या डोक्यातून पायांपर्यंत जाणारी जी उभी रेषा आहे, तिच्याभोवतीचा. या रेषेला अक्ष म्हणायचं.

हीच गाडी थेट तुमच्या रोखानं येत असती तर? मान वळवावी लागलीच नसती. गाडी मोठी मोठी होत गेली असती, पण तिची दिशा बदलली नसती. म्हणजे मान वळली ती गाडी तुम्हाला चुकवून गेली म्हणून. कोनीय संवेगाचं सगळं मर्म या चुकवण्यात आहे.

## किती जोरात, आणि कितीनं हुकला

वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. चालती वस्तू थांबवायला किती जड जाईल, त्याचं हे माप. आता कण ज्या रेषेत चाललाय ती रेषा दोन्ही बाजूंना लांबवा, आणि ती अक्षाच्या जास्तीत जास्त जवळ येते तिथलं अंतर मोजा. पुस्तकात याला लंब अंतर म्हणतात. मी त्याला हुकण्याचं अंतर म्हणेन, कारण अक्षावर नेम धरून कण सोडला असता तर नेम नेमका तेवढ्यानं हुकला असता.

कोनीय संवेग म्हणजे संवेग गुणिले हुकण्याचं अंतर.

व्याख्या एवढीच. तिच्यात वर्तुळ नाही, गिरकी नाही. गाडीच्या प्रत्येक किलोमागे २० गुणिले १०, म्हणजे २००. गाडी १०० मीटरवर असो की १० मीटरवर, तिचा रस्ता तुम्हाला १० मीटरनंच चुकवतो, आणि म्हणून आकडा हलत नाही. तुम्ही रस्त्यापासून ५० मीटर आत जाऊन उभे राहिलात तर तो प्रत्येक किलोमागे १००० होईल. गंमत अशी की तिथून बघताना मान आधीपेक्षा सावकाश वळेल. मान किती वेगानं वळते तेवढ्यावरून कोनीय संवेग ठरत नाही, हे इथे नीट बघून घ्या. माझी चूक नेमकी इथेच होत असे.

मग वर्तुळात फिरणाऱ्या कणाचं काय? दोऱ्याला बांधून फिरवलेला दगड प्रत्येक क्षणी स्पर्शिकेच्या दिशेनं चाललेला असतो. दोरा तुटला तर तो त्याच सरळ रेषेत सुटेल. ती रेषा केंद्राला किती अंतरानं चुकवते? बरोबर त्रिज्येएवढ्या. म्हणजे नियम तोच लागू पडतो, फक्त इथे हुकण्याचं अंतर आणि त्रिज्या एक होतात. मूळ नियम सरळ रेषेचा, वर्तुळ ही त्यातली खास बाब. गिरकी घेणारी खेळाडू म्हणजे असे असंख्य कण, प्रत्येक जण आपापल्या अंतरानं अक्षाला चुकवतोय, आणि आपण सगळ्यांची बेरीज घेतोय.

## चिखलाचा गोळा आणि दरवाजा

‘गणितात बसतं म्हणून मी मान्य करायचं का?’ असं कुणी विचारलं तर दरवाजा दाखवावा.

बिजागऱ्यांवर सहज फिरणारा एक दरवाजा घ्या, ८० सेंटिमीटर रुंद आणि १५ किलो वजनाचा. अर्धा किलो ओल्या चिखलाचा गोळा सेकंदाला १० मीटर वेगानं त्याच्यावर सरळ मारा, असा की तो बिजागऱ्यांपासून सर्वांत लांबच्या कडेला जाऊन चिकटेल. गोळा हवेतून सरळ आला. त्यात गिरकी नव्हती. पण दरवाजा फिरू लागला. बिजागरीचं घर्षण सोडून दिलं तर सेकंदाला सुमारे ६५ अंशांनी.

हे फिरणं आलं कुठून? दरवाज्याजवळ नव्हतं. ते गोळ्याबरोबर आलं. बिजागऱ्यांतून जाणारा उभा अक्ष धरला तर गोळ्याचा संवेग ५ आणि हुकण्याचं अंतर ०.८ मीटर, म्हणजे कोनीय संवेग ४. गोळा आदळण्याआधी हा आकडा एकट्या गोळ्याचा होता, आदळल्यावर गोळा आणि दरवाजा यांचा मिळून तितकाच राहिला.

तोच गोळा, तोच वेग, पण या वेळी बिजागऱ्यांपासून १० सेंटिमीटरवर मारा. दरवाजा सेकंदाला ९ अंशांनी, कसाबसा हलेल. थेट बिजागरीवर मारा: आवाज येईल, चौकट हादरेल, दरवाजा फिरणार नाही. गोळ्यात जोर तिन्ही वेळा सारखाच होता. बदललं ते फक्त हुकण्याचं अंतर.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल की साधा संवेग टिकतो असंही आपण शिकलोय, मग त्याचा हिशेब का नाही केला? कारण गोळा आदळतो तेव्हा बिजागऱ्याही दरवाज्यावर जोर लावतात आणि तो जोर किती, ते आपल्याला माहीत नाही. पण बिजागरीचा जोर बिजागरीतच लागतो, म्हणजे अक्षापासून शून्य अंतरावर. तो दरवाज्याला फिरवू शकत नाही, थांबवूही शकत नाही. अक्ष तिथे घेतला की हा अनोळखी जोर हिशेबातून आपोआप बाहेर पडतो. ज्या जागी न कळणारा जोर लागतो, तिथूनच अक्ष न्यायचा, ही या विषयातली सर्वांत उपयोगी युक्ती आहे.

## अक्ष आपण निवडायचा, मग हा गुण खरा कसा?

हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रामाणिक आहे. तुम्ही रस्त्यापासून १० मीटरवर उभे राहिलात तर गाडीच्या प्रत्येक किलोमागे २००, ५० मीटरवर १०००, रस्त्याच्या मधोमध शून्य. गाडीला तर तुमचा पत्ताही नाही. मग हा आकडा गाडीचा की तुमचा?

दोघांचा मिळून. उंचीचंही तसंच असतं. टेबलावरचा कप किती उंचीवर आहे? जमिनीपासून पाऊण मीटर, समुद्रसपाटीपासून कदाचित शेकडो मीटर. कुठून मोजलं ते सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. पण कप खाली पडला तर किती जोरात आपटेल, ते दोन्ही मोजणीतून सारखंच निघतं, फक्त अर्ध्या वाटेवर मोजपट्टीचं शून्य हलवायचं नाही. वेगाचंही तेच. चालत्या गाडीत शेजारी बसलेल्या माणसाचा वेग तुमच्या दृष्टीनं शून्य असतो, बाहेरच्याच्या दृष्टीनं २०.

म्हणून ‘कोनीय संवेग किती?’ हा प्रश्नच अर्धा आहे. ‘कोणत्या अक्षाभोवती?’ हे जोडलं की तो पूर्ण होतो. एकदा अक्ष ठरला की शेवटपर्यंत तोच ठेवायचा. परीक्षेतल्या निम्म्या चुका अर्ध्या वाटेत अक्ष बदलल्यानं होतात, असं माझं मत आहे.

## अक्षाच्या दिशेनं गेलं तर?

आतापर्यंत कण अक्षाला काटकोनात जाताना पाहिला. खऱ्या जगात तो कसाही तिरका जातो. दरवाज्यावर परत या. गोळा वरून सरळ खाली, दरवाज्याच्या कडेला घासत पडला, तर तो अक्षापासून ८० सेंटिमीटर लांब असूनही दरवाजा तसूभर फिरणार नाही. त्याचा सगळा वेग अक्षाला समांतर आहे. तिरका आदळला तर त्याच्या वेगाचे दोन भाग करायचे: अक्षाला समांतर भाग सोडून द्यायचा, काटकोनातला भाग ठेवायचा, आणि त्याचं हुकण्याचं अंतर मोजायचं.

सोपी खूण सांगतो. कणाचा मार्ग आणि अक्ष या दोन रेषा एकाच सपाट कागदावर काढता येत असतील, तर त्या अक्षाभोवती कोनीय संवेग शून्य. मग त्या रेषा एकमेकींना छेदत असोत किंवा समांतर असोत. दोन्ही रेषा एका कागदावर बसवताच येत नसतील, तर कोनीय संवेग आहेच.

पुस्तकात कधी ‘बिंदूभोवती’ आणि कधी ‘अक्षाभोवती’ असं लिहिलेलं असतं आणि त्यानं गोंधळ होतो. बिंदूभोवतीचा कोनीय संवेग हा सदिश असतो, म्हणजे त्याला आकाराबरोबर दिशाही असते. अक्षाभोवतीचा कोनीय संवेग म्हणजे त्या सदिशाचा अक्षाच्या दिशेनं पडणारा भाग. छान गोष्ट ही की अक्षावरचा कुठलाही बिंदू घ्या, तळाचा घ्या की वरचा, सदिश वेगवेगळे आले तरी हा भाग एकच येतो. वरच्या बिजागरीपासून मोजलं काय, खालच्या बिजागरीपासून मोजलं काय, दरवाजा तितकाच फिरणार.

## तो बदलतो कधी?

जोर लावला की संवेग बदलतो. कोनीय संवेग बदलायचा असेल तर तो जोरही अक्षाला हुकवूनच लागायला हवा. जोर गुणिले त्याचं हुकण्याचं अंतर, याला पीळ म्हणू. दरवाजा उघडायची मूठ बिजागरीपासून लांब असते ती याचसाठी. पीळ शून्य असेल तर कोनीय संवेग आहे तसा राहतो, जोर कितीही मोठा असला तरी.

आता सूर्य आणि पृथ्वी घ्या. सूर्याची ओढ प्रचंड आहे, पण तिचा रोख नेहमी सूर्याकडेच असतो. सूर्यातून जाणारा, पृथ्वीच्या कक्षेला काटकोनात असणारा अक्ष घेतला, तर ही ओढ त्याला कधीच हुकवत नाही. पीळ शून्य. म्हणजे सूर्य पृथ्वीचा वेग वाढवू शकतो, कमी करू शकतो, तिचा मार्ग वाकवू शकतो, पण सूर्याभोवतीचा तिचा कोनीय संवेग त्याला हात लावता येत नाही.

आकडे तपासून बघा. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, १४.७१ कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा तिचा वेग सेकंदाला ३०.२९ किलोमीटर असतो. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, १५.२१ कोटी किलोमीटरवर असते आणि वेग २९.२९ असतो. दोन्हींचे गुणाकार करा: ४४५.६ आणि ४४५.५. फरक फक्त आकडे कापल्याचा. हॅलेच्या धूमकेतूत हे आणखी ठसठशीत दिसतं. जवळ असताना तो सूर्यापासून ८.८ कोटी किलोमीटरवर सेकंदाला ५४ किलोमीटरहून अधिक वेगानं धावतो, आणि दूरच्या टोकाला, ५२५ कोटी किलोमीटरवर, एका किलोमीटरपेक्षाही कमी वेगानं रेंगाळतो.

केप्लरनं १६०९मध्ये मांडलेला नियम हाच आहे: ग्रहाला सूर्याशी जोडणारी रेषा सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ व्यापते. न्यूटननं १६८७मध्ये त्याचं कारण दाखवलं, आणि त्याची सुरुवातही सरळ रेषेपासूनच आहे. एका सरळ रेषेवर सारख्या अंतरांवर ठिपके काढा. हा कण दर सेकंदाला जिथे जिथे असतो त्या जागा. बाजूला एक बिंदू घ्या आणि सगळे ठिपके त्याला जोडा. तयार होणाऱ्या प्रत्येक त्रिकोणाचा पाया सारखा, आणि उंची म्हणजे हुकण्याचं अंतर, तीही सारखी. म्हणून क्षेत्रफळंही सारखी. म्हणजे केप्लरचा हा नियम कुणी न ओढलेल्या, सरळ जाणाऱ्या कणालाही लागू आहे! मग न्यूटननं प्रत्येक ठिपक्यावर कणाला त्या बिंदूकडे एक झटका दिला. मार्ग वाकला, त्रिकोणांचे आकार बदलले, क्षेत्रफळ मात्र तेवढंच राहिलं. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा काढून बघाच.

## दोरा दोन तऱ्हांनी आखडतो

इथे एक सापळा आहे आणि तो घरी करून बघता येतो. बॉलपेनची रिकामी नळी घ्या, तिच्यातून दोरा ओवा, वरच्या टोकाला खोडरबर बांधा. नळी उभी धरून खोडरबर डोक्यावर गरगर फिरवा आणि दुसऱ्या हातानं दोरा खाली ओढा. खोडरबराचा वेग वाढतो आणि दोरा बोटांना काचू लागतो.

आता नळी काढा. दोरा बोटाला बांधा, खोडरबराला एक फेक द्या, आणि दोरा बोटाभोवती गुंडाळला जाऊ द्या. इथेही दोरा आखडतो, इथेही फेऱ्या भराभर होऊ लागतात. पाहणारा म्हणेल, दोन्ही एकच.

ते एक नाहीत. नळीतून ओढताना दोऱ्याची ओढ बरोबर अक्षाकडे असते, पीळ शून्य, कोनीय संवेग टिकतो. अंतर निम्मं झालं तर वेग दुप्पट होतो आणि दर सेकंदाच्या फेऱ्या चौपट. बोटाभोवती गुंडाळताना दोरा बोटाच्या कडेला टेकलेला असतो, त्यामुळे त्याची ओढ बोटाच्या मध्याला थोडी हुकते. त्यातून उलटा पीळ बसतो आणि कोनीय संवेग घटत जातो. खोडरबराचा वेग वाढतच नाही. मार्ग लहान झाल्यानं अंतर निम्मं झाल्यावर फेऱ्या फक्त दुप्पट होतात. हवेचा विरोध सोडला तर हा फरक, चौपट की दुप्पट, अगदी स्वच्छ आहे.

आणि नळीच्या प्रयोगात वेग दुप्पट म्हणजे गतिज ऊर्जा चौपट. ही ऊर्जा फुकटची नाही, ती तुमच्या हातानं पुरवली. अंतर निम्मं होईपर्यंत दोऱ्याचा ताण आठपट होतो. बोटांना काचतं ते त्यामुळे. कोनीय संवेग टिकला म्हणजे ऊर्जाही टिकली असं धरून चालू नका. हे दोन वेगळे हिशेब आहेत.

## मग दरवाजा थांबतो तेव्हा काय होतं?

दरवाजा शेवटी घर्षणानं थांबतो. त्याचा कोनीय संवेग बिजागरीतून चौकटीला, चौकटीतून भिंतीला आणि भिंतीतून पृथ्वीला जातो. गोळा फेकताना तुमच्या पायांनी पृथ्वीला उलटा धक्का दिला होता, तोही याच खात्यात जमा असतो. पृथ्वी इतकी मोठी आहे की काही जाणवत नाही.

चंद्राच्या बाबतीत मात्र ही देवघेव मोजता येते. भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं फार सावकाश मंदावतंय, शतकाला दिवस साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीनं गमावलेला कोनीय संवेग चंद्राच्या कक्षेत जमा होतो आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो. १९६९पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझरचा झोत पाडून हे अंतर मोजलं जातंय.

## आता पुन्हा सूर्याकडे

पृथ्वीवरून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूला पृथ्वीचा वेग वारशानं मिळतो: सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर, सूर्याकडे जाणाऱ्या दिशेला जवळजवळ काटकोनात. कोटी किलोमीटर गुणिले सेकंदाला किलोमीटर या मापात, प्रत्येक किलोमागे ४४५. सूर्य ओढेल तितका ओढो, हा आकडा तो कमी करू शकत नाही.

सूर्याला नुसतं स्पर्शून जायचं झालं तर हा आकडा किती हवा? सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर, आणि पृथ्वीच्या अंतरावरून खाली येणारी वस्तू तिथे पोचेपर्यंत सेकंदाला सुमारे ६१६ किलोमीटर वेगानं धावत असेल. गुणाकार जेमतेम ४३. म्हणजे ४४५ पैकी नव्वद टक्क्यांहून जास्त कोनीय संवेग आधी टाकून द्यावा लागेल. त्यासाठी पृथ्वीच्या ३० किलोमीटरपैकी सुमारे २७ किलोमीटरचा वेग उलट्या दिशेनं मारून नाहीसा करायचा. याउलट, पृथ्वीच्या कक्षेतून सूर्यमाला कायमची सोडायला फक्त १२ किलोमीटरची भर लागते. सूर्यात पडण्यापेक्षा सूर्याला सोडून जाणं सोपं आहे. हे पहिल्यांदा गणितातून निघालं तेव्हा मी कागद बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो.

म्हणून पार्कर यानाला पृथ्वीच्या गतीच्या उलट दिशेनं सोडलं गेलं, आणि उरलेलं काम शुक्राकडे दिलं. शुक्राची ओढ सूर्यातून जाणाऱ्या अक्षाला हुकवून लागते, म्हणजे ती पीळ देऊ शकते. सूर्याला जे जमत नाही ते शुक्राला जमतं. नोव्हेंबर २०१८मध्ये, शुक्राच्या पहिल्या भेटीनंतर, यान सूर्याच्या केंद्रापासून २.४८ कोटी किलोमीटरवरून सेकंदाला ९५ किलोमीटर वेगानं गेलं. गुणाकार सुमारे २३६. पुढच्या सहा भेटींनी तो आणखी उतरवला. शेवटची भेट ६ नोव्हेंबर २०२४ला झाली, आणि डिसेंबरमध्ये केंद्रापासूनचं अंतर होतं ६८.६ लाख किलोमीटर, वेग १९२. गुणाकार १३२.

जितका कोनीय संवेग यानानं टाकला, तितका शुक्रानं घेतला. यान निघालं तेव्हा सातशे किलोंच्याही आत होतं, त्यामुळे शुक्राच्या चालीत मोजण्याजोगा फरक पडला नाही. आता यानाच्या वाटेत शुक्र पुन्हा जवळ येत नाही, म्हणजे पीळ देणारं कुणी नाही. २२ मार्च २०२५ला यान सूर्याजवळ परत आलं, आणि मग १९ जूनला. दोन्ही वेळा पृष्ठभागापासून त्याच ६१ लाख किलोमीटरवरून, त्याच वेगानं.